दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को: लांबच्या वाटेने लवकर पोहोचलेलं विमान

रविवार, १६ ऑक्टोबर २०१६. पहाटे चारच्या सुमारास एअर इंडियाचं बोइंग ७७७-२००एलआर दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालं आणि त्याच तारखेला सकाळी साडेसहाच्या सुमारास तिथे उतरलं. दोन्ही घड्याळं नुसती शेजारी ठेवली तर प्रवास अडीच तासांचा दिसतो. दोन शहरांच्या वेळेत त्या दिवशी साडेबारा तासांचा फरक होता, कारण अमेरिकेत तेव्हा अजून उन्हाळी वेळ चालू होती. तो फरक मिळवला की पंधरा तास होतात. धावपट्टीपर्यंत रांगत जाण्याचा आणि उतरल्यावर फाटकापर्यंत येण्याचा वेळ त्यातून वजा करा. बातम्यांत आलेला साडेचौदा तासांचा आकडा नीट बसतो.

इथवर काही कोडं नाही. कोडं किलोमीटरमध्ये आहे. ही थेट सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा विमान पश्चिमेकडून जायचं, म्हणजे युरोप, उत्तर अटलांटिक आणि कॅनडा असं. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने दिशाच उलटी केली. आता विमान पूर्वेकडे तोंड करून प्रशांत महासागरावरून जाणार होतं आणि ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची होती. तब्बल १,४०० किलोमीटर जास्त, म्हणजे जवळजवळ दिल्ली-मुंबई रस्त्याएवढी भर. तरीही विमान आधीपेक्षा लवकर पोहोचलं. दोन तासांच्या आसपास वाचतील असं तेव्हा सांगितलं गेलं होतं.

त्यात आणखी एक आकडा घाला. या दोन विमानतळांमधलं अंतर इंटरनेटवरच्या कुठल्याही अंतरमोजणीला विचारा. ती सुमारे १२,४०० किलोमीटर सांगेल. हा आकडाही चुकीचा नाही. फक्त त्या अंतराने कोणतंही विमान जात नव्हतं, ना पूर्वेकडून, ना पश्चिमेकडून. एकाच जोडीची तीन अंतरं झाली, आणि त्यातलं सगळ्यात मोठं अंतर वेळेत पहिलं आलं. ही वाट अभ्यासायला घ्यावीशी वाटली ती यामुळेच.

दोरा ताणून बघा

१२,४०० कुठून येतात ते कागदी नकाशावर कळत नाही. सपाट नकाशावर दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला पट्टी लावली तर ती जपानच्या दक्षिणेकडून नाहीतर थेट उत्तर आफ्रिकेवरून जाते. पृथ्वीगोल घ्या, दोऱ्याचं एक टोक दिल्लीवर अंगठ्याने दाबा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणा. तो सरकत सरकत वर जातो आणि गोलाच्या डोक्याशी जाऊन बसतो. (गोलाची पितळी कमान तिथेच आडवी येते, ती जरा बाजूला करावी लागते.) हा ताणलेला दोरा म्हणजे ग्रेट सर्कल, आपल्या पाठ्यपुस्तकांतलं महावृत्त. गोलाच्या पृष्ठभागावर दोन बिंदूंमधली सगळ्यात आखूड वाट हीच.

मी हा दोरा अक्षांश-रेखांशांवरून मोजून काढला. दिल्लीहून तो उत्तरेपासून जेमतेम साडेसोळा अंश पूर्वेला कललेला निघतो. हिमालय ओलांडून तिबेटचा पश्चिम भाग, पुढे शिनजियांग, मग अल्ताई पर्वत, जिथे रशिया, कझाकस्तान, चीन आणि मंगोलिया जवळपास एका कोपऱ्यात येतात. त्यानंतर सबंध सायबेरिया. ७५.६ अंश उत्तर हे त्याचं सर्वांत वरचं टोक पूर्व सायबेरियन समुद्रात पडतं. तिथून तो खाली वळतो: अलास्काचा उत्तर किनारा, कॅनडाचं युकॉन, व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेचा समुद्र, आणि कॅलिफोर्निया. प्रशांत महासागर जवळजवळ लागतच नाही आणि अटलांटिकचा तर संबंधच नाही.

मग विमान याच दोऱ्यावरून का जात नाही? पहिली अडचण निघाल्या निघाल्या येते. तिबेटच्या पठाराची सरासरी उंची साडेचार हजार मीटरांहून जास्त. केबिनमधला हवेचा दाब एकाएकी गेला तर वैमानिकाने विमान झपाट्याने सुमारे दहा हजार फुटांवर, म्हणजे तीन हजार मीटरांवर आणायचं असतं, कारण तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. प्रवाशांच्या डोक्यावरून लोंबणाऱ्या मास्कना प्राणवायू पुरवणारी रासायनिक नळकांडी बारा ते वीस मिनिटांच्या आसपास चालतात. खाली जमीनच साडेचार हजार मीटरांवर असेल तर उतरायचं कुठे? तिबेटवरून विमानं जातच नाहीत असं नाही. ल्हासाचा विमानतळ सुमारे ३,५७० मीटरांवर आहे आणि तिथे रोज विमानं उतरतात. पण त्यासाठी खास प्राणवायूची सोय आणि टप्प्याटप्प्यावर 'इथून बाहेर कसं पडायचं' याचे आखलेले मार्ग लागतात. पठाराला वळसा घालणं बहुतेक वेळा सोपं पडतं.

दुसरी अडचण वरच्या भागातली. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तर ठरलेल्या मिनिटांत पोहोचता येईल असा विमानतळ वाटेत सतत हाताशी असावा लागतो. याला ईटीओपीएसचे नियम म्हणतात. पूर्व सायबेरियाच्या किनाऱ्यावर असे विमानतळ विरळ आहेत आणि जे आहेत त्यांवर हिवाळ्यात उतरणं म्हणजे वेगळंच संकट. शिवाय थंडी. विमानाचं नेहमीचं इंधन जेट ए-१ उणे ४७ अंश सेल्सियसला गोठण्याच्या बेतात येतं आणि त्या अक्षांशांवर बाहेरची हवा त्याहून थंड असू शकते. इंधनाचं तापमान उतरू लागलं की वैमानिक खाली येतो किंवा वेग वाढवतो. दोन्हींत इंधन जास्त जळतं.

तेव्हा दोऱ्याची वाट सोडली. उरल्या दोन वाटा, पश्चिम आणि पूर्व.

८०० चा घोळ

दिशा बदलण्याचं कारण सांगताना कंपनीच्या अधिकाऱ्यांनी जो हिशेब दिला तो तेव्हा बहुतेक वर्तमानपत्रांत छापून आला. अटलांटिकच्या वाटेवर सरासरी ताशी २४ किलोमीटरचा वारा समोरून येतो. म्हणजे ताशी ८०० ने उडणारं विमान जमिनीच्या हिशेबाने ७७६ नेच जातं. प्रशांतच्या वाटेवर ताशी १३८ चा वारा पाठीमागून मिळतो, तेच विमान ९३८ ने जातं. हे ७७७ तासाला सुमारे ९,६०० लिटर इंधन पितं, म्हणून वाचलेला प्रत्येक तास मोलाचा.

वाचायला छान आहे. भागाकार मात्र कुणी करून पाहिल्याचं दिसलं नाही. १३,९०० भागिले ७७६ म्हणजे जवळजवळ अठरा तास. १५,३०० भागिले ९३८ म्हणजे सोळा तास वीस मिनिटं. दोन वाटांमधला फरक दीड तासाचा, तो पटण्यासारखा. पण विमान पोहोचलं होतं साडेचौदा तासांत! पावणेदोन तास गेले कुठे?

वाऱ्याचे आकडे ठीक आहेत, गडबड ८०० मध्ये आहे. तो समजावण्यासाठी घेतलेला गोल आकडा होता. बोइंग ७७७ लांबच्या पल्ल्यावर ध्वनीच्या वेगाच्या ०.८४ पटीने जातं. अकरा किलोमीटरांवरच्या थंड हवेत ध्वनी ताशी सुमारे १,०६० किलोमीटरने चालतो (जमिनीवर असतो त्यापेक्षा हळू). त्याच्या ०.८४ पट म्हणजे ताशी ८९०. आता पुन्हा भागाकार करू.

अटलांटिक: ८९० मधून २४ गेले, ८६६. तेरा हजार नऊशेला सोळा तास लागतात.

प्रशांत: ८९० अधिक १३८, म्हणजे १,०२८. पंधरा हजार तीनशेला चौदा तास त्रेपन्न मिनिटं.

आता आपण खऱ्या वेळेच्या वीस-पंचवीस मिनिटांवर आलो. उरलेला फरकही उलट बाजूने काढता येतो. १५,३०० किलोमीटर साडेचौदा तासांत म्हणजे सरासरी ताशी १,०५५. त्यातून विमानाचे स्वतःचे ८९० काढले की वाऱ्याचे १६५ उरतात. त्या रात्री वारा सरासरीपेक्षा जोरात होता असं यावरून म्हणता येईल. चढताना-उतरताना विमान हळू असतं, ते धरलं तर वारा याहूनही थोडा जास्तच असणार.

एक तास म्हणजे ९,६०० लिटर. वजनात ते साडेसात टनांच्या पुढे जातं. आणि बचत एवढ्यावर थांबत नाही, कारण चौदाव्या तासाला लागणारं इंधन पहिले तेरा तास पाठीवर वाहून न्यावं लागतं आणि ते वाहण्यासाठीही इंधन जळतं. शेवटचा तास कापला की तो वाहण्याचा खर्चही कापला जातो. निघतानाचं वजन हलकं होतं किंवा तेवढ्या वजनाचे प्रवासी आणि सामान जास्त घेता येतं.

पृथ्वी फिरते म्हणून नाही

ही बातमी तेव्हा घराघरांत चर्चिली गेली तेव्हा एक स्पष्टीकरण हमखास ऐकू यायचं: 'पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना, म्हणून पूर्वेकडे जाणाऱ्याचा फायदा.' जरा थांबून पाहिलं तर हे उलटच व्हायला हवं. विमान हवेत लटकून राहिलं आणि खालची पृथ्वी पूर्वेकडे सरकली, तर पश्चिमेकडचं शहर आपणहून जवळ येईल आणि पूर्वेकडचं लांब पळेल. तसंही होत नाही, कारण पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि धावपट्टीवरून उठलेल्या विमानाला ती गती आधीच मिळालेली असते. चालत्या रेल्वेच्या डब्यात उडी मारली तर आपण मागच्या बाकावर जाऊन पडत नाही, तसंच.

पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे, पण आडवाटेने. विषुववृत्ताकडची हवा तापलेली आणि ध्रुवाकडची गार. या फरकामुळे उंचावर हवा ध्रुवाकडे सरकू पाहते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती उत्तर गोलार्धात उजवीकडे, म्हणजे पूर्वेकडे वळते. गरम आणि गार हवा जिथे एकमेकींना भिडतात तिथे नऊ ते बारा किलोमीटरांच्या उंचीवर पूर्वेकडे धावणारा एक अरुंद, वेगवान पट्टा तयार होतो. हीच जेट स्ट्रीम. हिवाळ्यात तापमानाचा फरक वाढतो तशी ती जोर धरते आणि उन्हाळ्यात मंदावते. जगातली सर्वांत जोरकस जेट स्ट्रीम हिवाळ्यात जपानच्या डोक्यावर असते. तिथे ताशी ३०० किलोमीटरांच्या पुढचे वारे ही काही नवलाई नाही.

जपानच्याच वासाबुरो ओइशी नावाच्या हवामानतज्ज्ञाने १९२० च्या दशकात तातेनो इथल्या वेधशाळेतून फुगे सोडून हे वारे मोजले होते. त्याने निष्कर्ष जगाला कळावेत म्हणून एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापले, आणि नेमके त्यामुळेच ते जगाने वाचले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या अमेरिकन बॉम्बफेकी विमानांना जपानवर हे वारे अचानक भेटले. जपानने तर याच वाऱ्यांवर बॉम्ब लावलेले फुगे सोडून प्रशांत महासागरापलीकडे अमेरिकेत पाठवले. ते फुगे आणि आपलं दिल्लीचं विमान, दोघांची वाहतूक व्यवस्था एकच.

यातून पश्चिमेच्या वाटेचा एक बारकावाही उलगडतो. अटलांटिकवर समोरून येणारा वारा सरासरी फक्त २४ का? जेट स्ट्रीम तिथेही आहेच. पण पश्चिमेकडे जाणारं विमान तिला टाळतं. उत्तरेकडे ग्रीनलंडच्या बाजूने, जेटच्या वरच्या कडेने जातं. पूर्वेकडे जाणारं विमान मात्र मुद्दाम तिच्या पोटात शिरतं. म्हणून पूर्वेकडे जेवढी कमाई होते तेवढं नुकसान पश्चिमेकडे होऊ दिलं जात नाही. लंडनहून न्यू यॉर्कला जायला साधारण आठ तास आणि परत यायला सात, हा रोजचा फरक याच भांडवलावर उभा आहे.

जेटमध्ये शिरायचं तर वाट वाकवावी लागते. दिल्लीहून टोकियो आणि टोकियोहून सॅन फ्रान्सिस्को असे दोन दोरे ताणले तर बेरीज सुमारे १४,१०० किलोमीटर भरते. तरी प्रत्यक्ष वाट १५,३०० ची होती. वरचे बाराशे किलोमीटर तिबेटला घातलेला वळसा, ठरलेले हवाई मार्ग आणि वाऱ्याच्या मागे जाण्यात गेले. जपान आणि अमेरिकेच्या मधल्या महासागरावर तर वाटाच कायमच्या नसतात. त्या दिवसाच्या वाऱ्याचा अंदाज पाहून रोज नवे मार्ग आखून जाहीर केले जातात, त्यांना पॅकॉट्स म्हणतात. आज अलास्काला लागून गेलेलं विमान उद्या शेकडो किलोमीटर खालून जाऊ शकतं. कुठे वाईट वेळ आली तर उतरायला मधे मिडवे बेटावरची धावपट्टी किंवा अलास्कातलं कोल्ड बे धरलेलं असतं.

हवेतलं अंतर

फ्लाइट प्लॅन बनवणारा डिस्पॅचर जमिनीवरच्या किलोमीटरांकडे बघून निर्णय घेत नाही. तो नॉटिकल मैलांत मोजतो, हे तर आहेच (एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर). त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो जमिनीवरच्या मैलांबरोबर हवेतले मैल मोजतो. हवेतलं अंतर म्हणजे विमानाने स्वतःच्या वेगाने प्रत्यक्षात किती हवा कापली. नावाड्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. प्रवाहाबरोबर दहा कोस आणि प्रवाहाविरुद्ध दहा कोस हे त्याच्या दंडांना सारखे नसतात.

आपल्या दोन वाटांना हे लावून पाहू. प्रशांतवर ८९० च्या वेगाने चौदा तास त्रेपन्न मिनिटं, म्हणजे हवेतले सुमारे १३,२५० किलोमीटर. अटलांटिकवर सोळा तास, म्हणजे सुमारे १४,२९०. जमिनीवर जी वाट १,४०० ने लांब, तीच हवेत हजारभर किलोमीटरने जवळ! इंजिनाला, टाकीला आणि प्रवाशाच्या पायांना कळतं ते हे दुसरं अंतर. माझ्या मते तिकिटावर छापायचंच असेल तर हेच छापावं, पण ते रोज बदलतं, म्हणून कुणी छापणार नाही.

७७७-२००एलआर विमानाचा पल्ला स्थिर हवेत सुमारे १५,८४० किलोमीटर. त्या मानाने १५,३०० ची वाट अगदी काठावरची वाटते. पण विमानाला हवेतले १३,२५० च कापायचे असतील तर टाकीत बरंच इंधन शिल्लक राहतं. आता हीच वाट परतीला धरा. १३८ चा वारा आता समोरून, वेग उरला ७५२. पंधरा हजार तीनशेला वीस तासांहून जास्त लागतील आणि हवेतलं अंतर होईल १८,००० च्या पुढे. म्हणजे पल्ल्याबाहेर. गेलो त्याच वाटेने परत येणं या विमानाला झेपणारंच नाही. परतताना जेट पाठीशी हवी असेल तर सॅन फ्रान्सिस्कोहूनही पूर्वेकडेच, अमेरिका आणि अटलांटिक ओलांडूनच यायला हवं.

याच जातीच्या विमानाने ही गोष्ट आधी टोकाला नेऊन दाखवली होती. नोव्हेंबर २००५ मध्ये बोइंगने एक ७७७-२००एलआर हाँगकाँगहून लंडनला नेलं, पण पश्चिमेकडून नव्हे. प्रशांत महासागर, उत्तर अमेरिका आणि अटलांटिक असं उलट्या बाजूने, न थांबता २१,६०० किलोमीटर, २२ तास ४२ मिनिटांत. तेव्हा विमान जवळजवळ रिकामं होतं आणि हेतू विक्रमाचा होता. पण वारा पाठीशी घेतला तर पल्ल्याच्या आकड्याला काय अर्थ उरतो ते त्यात दिसलं.

विक्रम कुणाचा?

'जगातलं सर्वांत लांब थेट उड्डाण' असा मथळा दिल्लीच्या विमानाच्या वाट्याला आला. तोवर हा मान दुबई-ऑकलंडचा होता, २०१६ च्या मार्चपासून. तिथलं अंतर सुमारे १४,२०० किलोमीटर. पंधरा हजार तीनशे म्हणजे साहजिकच जास्त.

मला हा दावा पटत नाही. १४,२०० हा दोऱ्याचा आकडा आहे आणि १५,३०० हा प्रत्यक्ष उडालेल्या वाटेचा. एकाची उंची अनवाणी मोजायची आणि दुसऱ्याची टाचा वर करून, तसला प्रकार. दोघांनाही दोरा लावला तर दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को १२,४०० वर येतं आणि दुबई-ऑकलंड आरामात पुढे जातं. म्हणून अशा याद्या करणारे दोऱ्याचंच अंतर धरतात. ते वाऱ्याने किंवा राजकारणाने हलत नाही. एवढी लांबची वाट पोटात घालून लवकर पोहोचवणं हे कौतुकाचं काम होतंच. त्याला विक्रमाची झालर लावायची गरज नव्हती.

अंतरमोजणीच्या संकेतस्थळांची मौज वेगळी. ती दोऱ्याचं अंतर घेतात, एखाद्या ठरीव वेगाने भागतात आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास घालतात. १२,४०० भागिले ८५० अधिक अर्धा तास: पंधरा तास पाच मिनिटं. आपल्या विमानाचे फाटकापासून फाटकापर्यंतचे पंधरा तास जवळपास अचूक! अंतर तीन हजार किलोमीटरने कमी धरलं, वारा धरलाच नाही, आणि दोन चुकांनी एकमेकींना खाऊन टाकलं. हेच यंत्र परतीच्या प्रवासालाही मिनिटा-मिनिटाने तेच उत्तर देईल. त्यावर भरवसा ठेवून कुणी पुढच्या विमानाची जोडणी करू नये.

पुढच्या वर्षांत वाटा आणखी हलल्या. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को-बंगळुरू थेट सेवेचं पहिलं विमान कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या महिला सहकारी वैमानिकांनी उत्तर ध्रुवावरून आणलं. दोऱ्याचं अंतर १३,९९३ किलोमीटर, उडालेलं सुमारे १६,०००. ६ जून २०२३ ला दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं ७७७ इंजिनाच्या तक्रारीमुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगादान इथे उतरवावं लागलं. २१६ प्रवासी, १६ कर्मचारी, आणि दुसरं विमान मुंबईहून येईपर्यंत जवळपास दोन दिवसांचा मुक्काम. म्हणजे तोवर ही वाट प्रशांत सोडून बरीच वर, दोऱ्याच्या जवळ सरकली होती, आणि 'हाताशी विमानतळ' या नियमाचा अर्थ त्या प्रवाशांना प्रत्यक्ष कळला. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला निघणाऱ्या वाटा पुन्हा लांबल्या.

एका तारखेचे दोन सूर्योदय

पहिल्या विमानातल्या प्रवाशांचं त्या दिवसाचं वेळापत्रक मांडून पाहण्यासारखं आहे. पहाटे चारला दिल्लीत अंधार. पूर्वेकडे धाव असल्यामुळे तास-दीड तासातच खिडकीत तांबडं फुटतं. दिल्लीत अजून सूर्य उगवायला तासभर असतो. हा १६ ऑक्टोबरचा सूर्योदय. विमान सूर्याच्या विरुद्ध दिशेने पळतं, त्यामुळे दिवस आखडतो. जपान मागे पडल्यावर, निघाल्यापासून साधारण साडेआठ तासांनी, सूर्य मावळतो. दिवस भरला जेमतेम सात तासांचा. अंधार पडल्यानंतर खाली कुठेतरी आंतरराष्ट्रीय वाररेषा येते आणि तारीख मागे जाऊन १५ ऑक्टोबरची रात्र सुरू होते, म्हणजे जी रात्र हे प्रवासी दिल्लीत कधीच जगून आले होते. ती पाच-सहा तासांत सरते. मध्यरात्र उलटते, तारीख पुन्हा १६ होते, आणि साडेसहाला सॅन फ्रान्सिस्कोच्या धावपट्टीवर चाकं टेकतात तेव्हा बाहेर अजून काळोख असतो. ऑक्टोबरच्या मध्यात तिथे सूर्य सात वाजून वीस मिनिटांच्या आसपास उगवतो. इमिग्रेशनची रांग लवकर सरकली असेल तर सामानाची वाट बघता बघता त्यांनी १६ ऑक्टोबरचा दुसरा सूर्योदय पाहिला असेल.

वाररेषेने तारखेचा हिशेब लगेच चुकता केला, सूर्योदयाचा नाही. हेच प्रवासी परतीला अटलांटिकवरून, म्हणजे पुन्हा पूर्वेकडेच उडत आले असतील, तर पृथ्वीला एक पूर्ण फेरी झाली. आणि घरी थांबलेल्या माणसांपेक्षा त्यांच्या खात्यावर एक सूर्योदय जास्त जमा झाला.